परतीची खूण

विमानतळ म्हणायचं ते आपलं तोंडानं. खरं तर ते गवताचं एक लांबट मैदान होतं. एका टोकाला पत्र्याची शेड, शेडीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि आत चार जणांच्या मालकीचं एक विमान. चौघांत एक दातांचा डॉक्टर, एक बेकरीवाला, एक निवृत्त मास्तर आणि चौथे मिस्त्री. पहिल्या तिघांनी पैसे घातले होते, मिस्त्रींनी हात घातले होते. विमान जुनं, लाकडी पंखांचं. आतल्या फासळ्यांचा कुजून भुसा झालेला. मिस्त्री जन्माचे सुतार. त्यांनी दोन हिवाळे खपून एकेक फासळी नवी घडवली, सरसानं जोडली, वरून कापड ताणून बसवलं. तेव्हा डॉक्टर म्हणाला, "एवढं केलंत, आता उडवायलाही शिकून टाका." मिस्त्री त्या वेळी पन्नाशीला टेकले होते. त्या वयात माणसं चष्म्याचा नंबर वाढवतात, मिस्त्रींनी परवाना काढला.

मिस्त्रींच्या डोळ्याची ख्याती होती. रस्त्यापलीकडून दाराची चौकट पाहून ते सांगत, "डावीकडं दोन सूत उतरलीय," आणि ती उतरलेलीच असायची. पण गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं, फळी तिरकीच दिसते म्हणून हटून बसलं, की ते स्वतःच्या डोळ्याची साक्ष काढत नसत. पेटीतून पाणसळ काढत, फळीवर ठेवत, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत गप्प राहत आणि मग म्हणत, "वाद माझ्याशी नको. पाणसळीशी घाला."

त्यांच्या बायकोला सगळे बाईच म्हणत. बाईंनी एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर काढली होती. जन्म, मरण, रक्ताची बाटली, हरवलेली चप्पल, सगळं त्या एकाच आवाजात सांगत. आवाज चढत नसे, उतरत नसे. आठ वर्षं मिस्त्री त्यांना विनवत होते, एकदा तरी चल वर. आठ वर्षं बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "जमिनीवर माझं काय अडलंय?"

मग अडलं. डोंगरापलीकडे दिलेल्या लेकीला बाळ झालं. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, दोन गाड्या बदलून नऊ तास, आणि बाईंची कंबर चौथ्या तासालाच संप पुकारायची. बाळ दोन महिन्यांचं झालं तरी आजीनं त्याला फोनवर रडतानाच ऐकलं होतं. एका मंगळवारी ताटल्या पुसता पुसता बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या फळकुटात दोन माणसं मावतात ना?"

मिस्त्रींच्या हातातली ताटली पडता पडता राहिली.

शनिवारी सकाळी दोघं शेडीवर आली. बाईंच्या हातात पिशवी, पिशवीत विणलेल्या सहा टोप्या. बाळाचं डोकं केवढं ते ठाऊक नव्हतं, म्हणून सहा मापांच्या. मिस्त्रींनी हवामानवाल्यांना दोनदा फोन केला होता. संध्याकाळपर्यंत आकाश मोकळं, वारा मंद.

शेडीत पानेकाका होते. सत्तरीचे मेकॅनिक, खिशात कायम एक पाना, झोपतानाही असावा. भिंतीवर त्यांचा काळा फळा होता. उडणाऱ्यानं त्यावर खडूनं नाव लिहायचं, कुठं निघालो ते लिहायचं आणि पुढं परतीची खूण लिहायची. ही खूण म्हणजे पानेकाकांचा कायदा होता. वाटेतली एक जागा आधीच ठरवायची. तिथं पोचल्यावर जे दिसायला हवं ते दिसलं नाही, तर पुढचा विचार न करता माघारी फिरायचं. "वर गेल्यावर माणसाची अक्कल वाऱ्यावर असते," काका म्हणत. "म्हणून शहाणपण जमिनीवर असतानाच लिहून ठेवायचं." आणि जो खूण ओलांडेल त्यानं खाली उतरल्यावर आपल्याच हातानं फळ्यावर तसं लिहायचं. ते अक्षर महिनाभर पुसायचं नाही. आजवर फक्त डॉक्टरवर ती पाळी आली होती. महिनाभर लोक त्याच्याकडे दात दाखवायला जात आणि दात दाखवून हसून येत.

"खूण?" काकांनी विचारलं.

"कागद गिरणीची दोन धुराडी," मिस्त्री म्हणाले. "तिथून डोंगरातली खिंड दिसली पाहिजे. नाही दिसली तर मागं."

"बाई, ऐकलंत ना?" काका म्हणाले. "हे विसरले तर आठवण करा."

"घरात भाजी आणायची आठवण करते, तीही विसरतात," बाई म्हणाल्या. "बघू."

विमान उडालं. बाईंनी डोळे गच्च मिटले, पिशवी पोटाशी धरली. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली त्यांचं आख्खं शहर होतं. इस्पितळाची गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी, आपण एकतीस वर्षं ज्या रस्त्यानं चालत गेलो तो रस्ता, केवढासा.

"एवढंच होतं होय," बाई हळूच म्हणाल्या. मिस्त्रींनी आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडत होतं, आणि त्यांचा ऊर असा भरून आला की छातीवरचा पट्टा आवळ वाटायला लागला.

त्या भरलेल्या उरानंच घात केला.

पंचवीस मिनिटांनी धुराडी आली. दोन्ही उभी, लाल, टोकाला पांढरा पट्टा. त्यांच्या बरोबर वर येऊन मिस्त्रींनी समोर पाहिलं. डोंगराची कड दिसत होती, पण खिंडीच्या जागी दुधी पडदा होता. पडद्यामागं एक उजळ डाग. कंदिलावर पांढरं फडकं टाकावं तसा.

"खिंड कुठली?" बाईंनी विचारलं.

"तो उजेड आहे ना, तीच."

"तो उजेड आहे. खिंड नाही."

"धुकं आहे पातळ. पाच मिनिटांत विरेल. लेक मैदानावर येऊन उभी असेल अगं, बाळाला घेऊन."

बाईंनी मान वळवून मागं जाणाऱ्या धुराड्यांकडे पाहिलं. काकांनी सांगितलेली आठवण करून दिली नाही. हे विमान त्यांचं नव्हतं, ही विद्याही त्यांची नव्हती. आणि खोटं कशाला सांगा, सहा टोप्या त्यांच्याही मांडीवर होत्याच.

पाच मिनिटं गेली, आणखी तीन गेली. उजळ डाग विरला नाही, तो मोठा झाला. आणि मग मिस्त्रींच्या ध्यानात आलं की डावीकडं नकाशात नसलेला एक डोंगर उभा आहे.

पांढराशुभ्र. खाली काळसर निळा, वर इतका पांढरा की डोळे दुखावेत. मिस्त्रींनी त्याचा माथा पाहायला मान मागं टाकली, आणखी टाकली, शेवटी डोकं पाठीमागच्या पत्र्याला लागलं, तरी माथा आला नाही. आणि तो डोंगर वाढत होता. पाहता पाहता वाढत होता, चुलीवर दूध वर यावं तसा, एकावर एक फुगवटे उसळत, आवाज न करता. एवढी मोठी गोष्ट एवढी मुकाट्यानं घडताना मिस्त्रींनी आयुष्यात पाहिली नव्हती. हवामानवाल्यांची सकाळची बातमी खोटी नव्हती. या एका ढगाला ती कुणी कळवली नव्हती, इतकंच.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"ढग."

"एकच?"

"एकच."

"बाई गं," बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला माणसाजवळ एवढाच शब्द असतो.

मिस्त्रींनी सुकाणूचा दांडा कलवला. मागं वळायचं. पण वळता वळता पाहिलं, तर मागची बाजूही मिटत आली होती. ढगाच्या पोटातून पावसाचा एक करडा पडदा सुटला होता आणि दार लोटावं तसा तो त्यांच्या आणि धुराड्यांच्या मध्ये सरकत होता. उजेड हिरवट झाला. वारा एकदम पडला. आणि वळण अर्धं व्हायच्या आत ते विमान, त्या सहा टोप्या आणि ती दोन माणसं ढगानं गिळली.

पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, पंखाचं टोकही दिसेना. ज्या डोळ्याच्या जिवावर मिस्त्री साठीला पोचले होते, त्या डोळ्याला धरायला काही उरलं नव्हतं. ना क्षितिज, ना चौकट, ना भिंत.

तरी अंग सांगत होतं, सरळ चाललोय. मिस्त्रींना ते पक्कं वाटत होतं. बसल्या जागी बूड सपाट होतं, डोकं सरळ होतं. फक्त पंखांच्या तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज हळूहळू चढत होता, आणि दांडा ओढला तर तो आणखीच चढत होता.

"अहो, हा काटा कलंडलाय," बाई म्हणाल्या. समोर चार घड्याळांमध्ये वळण दाखवणारं एक घड्याळ होतं. वर काटा, खाली वाकड्या काचेच्या नळीत एक काळी गोळी.

"काटा बिघडलाय. आपण सरळ आहोत."

"आणि हे उंचीचं? चार हजार फुटांवर होतं. आता तीन हजार सातशे."

"सरळ आहोत म्हणतो ना!"

"तीन हजार सहाशे."

"माझा डोळा आजवर..."

"डोळ्याला दिसतंय काय तुमच्या?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. इस्पितळात कुणाच्या तरी घरी फोन लावून, आधी तुम्ही बसून घ्या, असं सांगायचा तोच आवाज. "तीन हजार साडेचारशे. वाद माझ्याशी नको. पाणसळीशी घाला."

मिस्त्रींनी त्या वाकड्या नळीकडे पाहिलं. हजार वेळा पाहिली होती, पण आज पहिल्यांदाच दिसली. काचेची नळी, आत पाणी, पाण्यात गोळी. पेटीतल्या पाणसळीची सख्खी बहीण. आणि ती सांगत होती, मिस्त्री, तुमची चौकट डावीकडं उतरलीय. दोन सूत नव्हे, चांगली हातभर.

चाळीस वर्षं लोकांना जे ऐकवलं ते आज स्वतःला ऐकणं भाग होतं. ते सोपं नव्हतं. त्यांनी दांडा उजवीकडं नेला, तसं सगळं अंग ओरडून उठलं की आता आपण उजवीकडं कोसळतोय. कान, पोट, पाठीचा कणा, सगळे एका सुरात. मिस्त्रींनी दात आवळले. काटा हळूहळू मध्ये आला. तारांचा आवाज उतरला. "तीन हजार शंभर," बाई म्हणाल्या. "तीन हजार शंभर. थांबलंय." डोंगराची कड अठ्ठावीसशेवर होती. मिस्त्रींना ते ठाऊक होतं, बाईंना नव्हतं, आणि मिस्त्रींनी ते बाईंना वर्षभर सांगितलंही नाही.

होकायंत्र डुलत डुलत स्थिरावलं. तोंड अजून डोंगराकडंच होतं.

"आता ऐक," मिस्त्री म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "हा काटा मी या खुणेवर धरतो. तसा एक मिनिट धरला की अर्धं वर्तुळ होतं, तोंड घराकडं. मी या घड्याळावरून नजर हलवणार नाही. तू साठ मोज. घाई नको, उशीर नको."

"एक," बाई म्हणाल्या. "दोन."

दहाला गारा आल्या. काचेवर, पत्र्यावर, कापडावर, मूठ मूठ खडे मारावेत तशा. सतराला कुणीतरी विमान तळहातावर घेतलं आणि वर उचललं. मिस्त्रींनी काही केलं नव्हतं, तरी उंचीचा काटा आपोआप चढत होता. साडेतीन हजार, चार हजार, आणि चढतोच आहे. लाकडी पंख करकरले. मिस्त्रींना प्रत्येक करकर ओळखीची होती. ही तिसरी फासळी. हा मधला सांधा, सरस वाळेपर्यंत चार दिवस शिकंज्यात आवळून ठेवलेला. त्या दिवसांत घाईनं काम उरकलं असतं तर? मास्तर म्हणत होतेच, आतलं कोण बघतंय, कापडाखाली जाणार. बघणारं आज भेटलं होतं. त्यानं सगळं लाकूड हातात घेऊन पिळून पाहिलं, एकेक सांधा चाचपला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खाली ठेवलं.

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या. "बेचाळीस." धक्क्यानं त्यांचं डोकं खिडकीवर आदळलं. "त्रेचाळीस."

साठला मिस्त्रींनी काटा मध्ये आणला. अंग म्हणालं, चूक. मिस्त्री अंगाला म्हणाले, गप बैस.

मग काही वेळ नुसतं पांढरं. किती वेळ ते दोघांनाही पुढं कधी नक्की सांगता आलं नाही. मिस्त्री म्हणत चार मिनिटं, बाई म्हणत, "मला मोजायला सांगितलं असतं तर सांगितलं असतं."

आणि मग पडदा फाटला.

ते बाहेर आले तेव्हा दोघांनाही आधी वाटलं की आपण कुणाच्या तरी घरात आलोय. एवढं मोठं घर. दोन्ही बाजूंना ढगांच्या भिंती, कोसभर उंच, उन्हानं उजळलेल्या. वर निळं छत. त्या भिंतींत दालनं होती, कमानी होत्या, जिने होते, आणि ते बांधले जात होते, मोडत होते, पुन्हा बांधले जात होते. कामगार कुणीच दिसत नव्हता. विमानाचा आवाज त्या दालनात इतका क्षुल्लक होता की माशीनंही लाजावं. खाली दूर पावसाचा पडदा सरकत चालला होता. आणि त्या पडद्यावर, अगदी त्यांच्या खाली, इंद्रधनुष्य होतं.

धनुष्य म्हणायचं ते सवयीनं. ते पुरं गोल होतं. कुठंही जमिनीला टेकलेलं नव्हतं, कुठंही तुटलेलं नव्हतं. मिस्त्रींचा डोळा जन्माच्या खोडीनं सांधा शोधायला लागला. प्रत्येक गोल वस्तूला सांधा असतो. चाकाला असतो, पिंपाच्या कड्याला असतो, आरशाच्या चौकटीला असतो, कारागीर तो लपवतो, पण असतो. मिस्त्रींची नजर त्या सात रंगांवरून एक फेरी गेली, दुसरी गेली. सांधा नव्हता.

भीती मागं ढगात राहिली होती.

"अहो," बाई म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला, "हे रोज असतं इथं?"

"मी आठ वर्षं येतोय," मिस्त्री म्हणाले. "कधी नव्हतं." मग म्हणाले, "असेलही. आपण नसतो."

रेडिओ खरखरला. ढगाच्या आडोशातून बाहेर आल्यामुळं पानेकाकांचा आवाज लागला होता. "मिस्त्री, कुठं आहात? अर्धा तास ओरडतोय मी. धुराडी पार केलीत का?"

खोटं बोलायला जागा होती. ढगानं वाटेत गाठलं म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? मिस्त्रींनी बाईंकडं पाहिलं. बाई खालच्या गोलाकडं पाहत होत्या.

"केली," मिस्त्री म्हणाले. "खिंड दिसत नव्हती. तरी केली."

काका म्हणाले, "वारा फिरलाय. धुराड्यांच्या बाजूनं सरळ उतरा. वाऱ्याची पिशवी ताठ आडवी झालीय, जपून. आणि बाईंना सांगा, चहा टाकतोय."

विमान टेकलं ते तीनदा उसळून टेकलं. शेडीत शिरेपर्यंत पहिले थेंब मैदानावर आले होते. बाई उतरल्या, पाय जमिनीला लागले तसा पंखाचा आधार घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्या पंखावर थोपटलं. गारांनी कापडाला खळ्या पाडल्या होत्या, फासळी एकही हलली नव्हती.

मैदानावर ताटकळलेल्या लेकीला फोन लावला. "पोचलो," बाई म्हणाल्या. "नाही गं, तिकडं नाही. इकडंच परत पोचलो. ... नाही, काही झालं नाही. टोपीचं माप सांग आधी, सहा विणल्यात मी."

मिस्त्रींनी खडू घेतला. आपल्या नावापुढं, सुबक अक्षरात, लिहिलं, 'खूण ओलांडली.' डॉक्टरला कळलं की महिनाभर काय होणार ते त्यांना ठाऊक होतं.

पानेकाकांनी कप पुढं केला. रागावले नाहीत. "काय पाहिलंत वर?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी खडूनं फळ्यावर एक गोल काढला. दोरी न लावता, कर्कटक न घेता, एका दमात. त्यांचा हात तसा होताच, मेजाचा गोल पाट ते असाच आखत. पण सुरुवात आणि शेवट जिथं भेटले तिथं सांधा दिसला, केसाएवढा. त्यांनी पुसला. पुन्हा काढला. पुन्हा दिसला. तिसऱ्यांदा काढला, आणि खडू ठेवून दिला.

"बाई, हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"आहे तसंच काहीतरी," बाई म्हणाल्या. "पण हे नाही."

गुरुवारी दोघं पुन्हा आली. काकांनी भुवया चढवल्या, पण फळ्यावर जागा करून दिली. त्या गोलाला त्यांनी हात लावला नव्हता.

"खूण?" त्यांनी विचारलं. मिस्त्री बोलणार तोच बाई म्हणाल्या, "धुराडी. खिंड दिसली पाहिजे, दगड मोजता येतील इतकी. नाही दिसली तर यांची मान मी फिरवते, विमान आपोआप फिरेल."

धुराड्यांवर आले तेव्हा खिंड दिसत होती, पण पुसट. मिस्त्रींनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी काही म्हणायच्या आत त्यांनीच दांडा कलवला.

शुक्रवारी पोचले. टोपी चौथ्या मापाची बसली.